अपिलात माणूस नसतो, कागद असतो

माझे मामू तालुक्याच्या कोर्टात एका वकिलाकडे मुन्शी होते. शाळेला सुटी लागली की मी त्यांच्याबरोबर कोर्टाच्या आवारात जात असे. तिथे नकला मिळण्याची एक खिडकी होती. एखाद्या खटल्याचा निकाल विरुद्ध गेला की पक्षकार रडत-ओरडत बसायचा आणि मामू त्या खिडकीकडे धावायचे. सही-शिक्क्याची नक्कल हातात पडली की ते ती वाचत नसत. उलटी करून शिक्का बघत. त्यावर तीन तारखा असत : अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. अपिलाची मुदत मोजताना नक्कल मिळायला लागलेले दिवस वगळतात, म्हणून या तारखांना मोल होते. मी एकदा विचारले की एवढे काय बघता? तर म्हणाले, "बेटा, वरच्या कोर्टात आपला माणूस बोलत नाही. हा कागद बोलतो."

पुढे अमेरिकेतल्या दोन जुन्या खटल्यांविषयी वाचताना मला त्यांचे हे वाक्य आठवत राहिले. अपिलाच्या कोर्टात साक्षीदार पुन्हा उभे राहत नाहीत. न्यायाधीश खालून आलेली फाईल वाचतात आणि दोन्हीकडच्या वकिलांचे ऐकतात. फाईलमध्ये जे आले नाही, ते त्यांच्यापुरते घडलेच नाही. मग समजा फाईल अगदी नीटनेटकी आहे, सगळे शिक्के जागच्या जागी आहेत, आणि तरीही खाली न्याय झालेलाच नाही; तर वरच्या कोर्टाने काय तपासायचे? शिक्के की न्याय? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1915 मध्ये या प्रश्नाचे एक उत्तर दिले आणि आठच वर्षांनी जवळजवळ उलटे दुसरे. आपल्या संविधान सभेतही हा प्रश्न निघाला होता, आणि तो काढणारे सदस्य मध्य प्रांत व वऱ्हाडमधले होते. त्यांच्याकडे मी नंतर येतो.

पहिला खटला जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरातला. 26 एप्रिल 1913, शनिवार. मेरी फेगन नावाची तेरा वर्षांची मुलगी पेन्सिलींच्या कारखान्यात आपली मजुरी आणायला गेली. मजुरी होती 1 डॉलर 20 सेंट. दुसऱ्या दिवशी पहाटे कारखान्याच्या तळघरात तिचे प्रेत सापडले. संशय आला कारखान्याचा व्यवस्थापक लिओ फ्रँक याच्यावर. फ्रँक ज्यू होता, न्यूयॉर्ककडे वाढलेला, इंजिनिअर झालेला. शहराच्या नजरेत बाहेरचा. तेरा वर्षांची पोर मजुरी करते आणि तिचा असा अंत होतो, याचा संताप खरा होता. तो संताप फ्रँकच्या नावावर जमा झाला.

मुख्य साक्षीदार होता कारखान्यातला झाडूवाला जिम कॉन्ली, कृष्णवर्णीय. त्याने पोलिसांपुढे आपला जबाब अनेकदा बदलला होता. त्याची साक्ष खोडताना फ्रँकच्या वकिलांनी त्याच्या वंशावरून जी भाषा वापरली ती वाचवत नाही. अन्याय सोसणाऱ्याच्या बाजूचे लोक स्वतः न्यायी असतातच असे नाही, हे इथे नोंदवून पुढे जातो.

खटला 28 जुलैला सुरू झाला. उन्हाळा होता, म्हणून कोर्टाच्या खिडक्या उघड्या. बाहेर जमाव. सरकारी वकील ह्यू डॉर्सी आत येताना टाळ्या वाजत आणि पाय आपटले जात. निकाल जवळ आला तेव्हा न्यायाधीश रोन यांनी पोलीसप्रमुख आणि राज्याच्या पलटणीचा कर्नल यांच्याशी ज्युरीच्या देखत सल्लामसलत केली. शहरातल्या वृत्तपत्रांनीच विनंती केली की शनिवारी रात्री निकाल नको. काम सोमवारवर गेले. त्या सोमवारी न्यायाधीशांनी बचावाच्या वकिलांना बाजूला घेऊन सुचवले की निकालाच्या वेळी तुम्ही आणि आरोपी दोघेही कोर्टात नसलेले बरे. सुटका झाली किंवा ज्युरीत मतभेद झाले तर जीवाची हमी नाही. वकिलांनी ते मान्य केले आणि फ्रँकला विचारलेही नाही. ज्युरीने 'दोषी' म्हटले. मग एकेका ज्युररला 'हा तुझाच निकाल ना' असे विचारायचे असते. पहिल्यालाच विचारून होते न होते तोच बाहेर एवढा जल्लोष झाला की काम थांबवावे लागले. जेमतेम दहा फुटांवर बसलेल्या ज्युररांची उत्तरे न्यायाधीशांना नीट ऐकू येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी फाशीची शिक्षा झाली. फेरखटल्याचा अर्ज फेटाळताना न्यायाधीश रोन यांनी एक विलक्षण गोष्ट सांगितली. फ्रँक दोषी आहे की निर्दोष, याबद्दल माझी स्वतःची खात्री पटलेली नाही, पण ज्युरीची पटली आहे, असे ते म्हणाले.

आता अपील. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे स्वतःचे सर्वोच्च न्यायालय असते. आपल्या उच्च न्यायालयासारखे ते समजायला हरकत नाही, पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडे सत्र न्यायालयाने फाशी दिली की उच्च न्यायालयाच्या शिक्कामोर्तबाशिवाय ती अमलात येत नाही, आणि उच्च न्यायालयाला सगळा पुरावा नव्याने तपासावा लागतो. मुंबईच्या 2006 मधल्या लोकल गाड्यांच्या स्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती. जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुरावा तपासून त्या सर्वांना निर्दोष ठरवले. (सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्याला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. बारांपैकी एक जण 2021 मध्ये कैदेतच वारला होता.) 1914 च्या जॉर्जियात असे काही शक्य नव्हते. तिथल्या वरिष्ठ न्यायालयाला फक्त कायद्याच्या चुका दुरुस्त करता येत. पुरावा खरा की खोटा, हे ज्युरी ठरवणार आणि ज्युरीचे बरोबर की चूक, हे खालचा न्यायाधीश. त्या न्यायाधीशाने तर खात्री नसल्याचे सांगून हात वर केले होते. म्हणजे एका माणसाच्या फाशीबद्दल ज्याची खात्री असायला हवी, असा न्यायाधीश संपूर्ण व्यवस्थेत कुठेच उरला नाही. ज्युरीची खात्री होती, आणि ज्युरी टाळ्या ऐकत होती.

जॉर्जियाच्या न्यायालयाने 4 विरुद्ध 2 मतांनी शिक्षा कायम केली. निकालाच्या वेळी आरोपीच हजर नव्हता, हा मुद्दा वकिलांनी नंतर वेगळ्या अर्जाने मांडला. त्यावर उत्तर मिळाले की हा मुद्दा फेरखटल्याच्या पहिल्या अर्जातच घ्यायला हवा होता, आता उशीर झाला. आपल्या कोर्टांत वावरलेल्या कोणालाही हे उत्तर ओळखीचे वाटेल.

मग प्रकरण वॉशिंग्टनला, देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. अमेरिकेच्या संविधानातली चौदावी दुरुस्ती, 1868 ची, सांगते की कोणतेही राज्य 'ड्यू प्रोसेस'शिवाय, म्हणजे न्याय्य प्रक्रियेशिवाय, कोणाचा जीव, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता हिरावून घेऊ शकत नाही. फ्रँकचे म्हणणे होते की झुंडीच्या दडपणाखाली झालेला खटला हा खटलाच नाही. 19 एप्रिल 1915 रोजी न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी अर्ज फेटाळला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती पिटनी यांनी लिहिला. त्यांचा युक्तिवाद वरवर पाहता भक्कम आहे. प्रक्रिया म्हणजे फक्त खालचे कोर्ट नव्हे, राज्याने दिलेली अपिलाची सोयही तिच्यात धरायला हवी. झुंडीची तक्रार राज्याच्या कोर्टांनी शांतपणे ऐकली, तपासली आणि तथ्य नाही असे ठरवले. दार होते, दार उघडे होते, फ्रँक त्या दारातून गेला होता. आता तक्रार कसली?

विरोधी मत होते न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स आणि न्यायमूर्ती ह्यूज यांचे. होम्स यांनी लिहिले त्याचा आशय असा : घाबरलेल्या ज्युरीने मान डोलावली म्हणून झुंडीचा कायदा न्याय्य प्रक्रिया होत नाही. खटल्याचा गाभाच नासला असेल तर नंतरचे अपील किती शिस्तीत झाले याला अर्थ नाही. हेबियस कॉर्पसचा अर्ज आला की कोर्टाने कागदाचे वेष्टन बाजूला सारून आत काय आहे ते बघायचे असते. होम्स यांना मी फरिश्ता मानत नाही. याच माणसाने 1927 मध्ये 'मतिमंद' ठरवलेल्या स्त्रीची सक्तीने नसबंदी करण्याला मान्यता दिली. पण 1915 चे त्यांचे मत आजही वाचावे असे आहे.

पुढचे थोडक्यात. फाशीच्या आदल्या दिवशी, 21 जून 1915 ला, गव्हर्नर जॉन स्लेटन यांनी शिक्षा जन्मठेपेत बदलली. जे कोर्टांनी केले नाही ते त्यांनी केले. हजारो पाने वाचली, कारखान्यात जाऊन जागा पाहिली. ते फ्रँकच्या मुख्य वकिलाच्या फर्ममध्ये भागीदार होते हेही सांगायला हवे, कारण विरोधकांनी ते विसरू दिले नाही. त्यांच्या घरावर जमाव चालून आला, सैन्य बोलवावे लागले. 17 ऑगस्टच्या सकाळी फ्रँकला तुरुंगातून पळवून नेलेल्या टोळीने त्याला मेरिएटा गावाजवळ झाडाला लटकवले. टोळीत गावातले प्रतिष्ठित लोक होते. कोणावरही खटला चालला नाही. प्रेताच्या छायाचित्रांची पोस्टकार्डे विकली गेली. सरकारी वकील डॉर्सी पुढे जॉर्जियाचा गव्हर्नर झाला.

दुसरा खटला आर्कान्सा राज्यातला. फिलिप्स काउंटी हा मिसिसिपी नदीकाठचा कापसाचा मुलूख. जमीन गोऱ्यांची, कसणारे कृष्णवर्णीय वाटेकरी. पिकाचा हिशेब मालक देत नसत. वर्षाअखेरीस कुळाच्या नावावर कर्जच निघे. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला हे फोडून सांगायला नको. 1919 मध्ये या वाटेकऱ्यांनी संघटना बांधली आणि हिशेबासाठी वकील लावायचे ठरवले. 30 सप्टेंबरच्या रात्री एलेन गावाजवळ हूप स्पर इथल्या चर्चमध्ये त्यांची सभा चालू असताना गोळीबार झाला आणि एक गोरा माणूस मेला. दुसऱ्या दिवसापासून आजूबाजूच्या काउंट्यांतून हत्यारबंद टोळ्या आल्या, मग सैन्य आले. पाच गोरे मेले. कृष्णवर्णीय किती मेले याचा आकडा लागला नाही; अंदाज काही डझनांपासून दोनशेच्या वर जातात. तुरुंगात गेले ते कृष्णवर्णीयच. 122 जणांवर आरोप ठेवले गेले. बारांना फाशी.

हे खटले हेलेना इथल्या कोर्टात नोव्हेंबर 1919 मध्ये चालले. 'चालले' हा शब्दही जास्त आहे. कोर्टाने नेमलेला वकील आरोपींना आधी भेटला नाही. त्याने खटला दुसरीकडे हलवण्याची मागणी केली नाही, मुदत मागितली नाही, एकही साक्षीदार बोलावला नाही, आरोपींना बोलू दिले नाही. ज्युरी पूर्ण गोरी. एक खटला पाऊण तासात उरकला आणि ज्युरीने पाच मिनिटांच्या आत खुनाचा निकाल दिला. बाहेर जमाव होताच. गावातल्या मातब्बरांच्या समितीने त्या जमावाला शब्द दिला होता की तुम्ही हात उचलू नका, कायदा आपले काम करील. कायद्याचे काम म्हणजे काय, हे दोन्ही बाजूंना कळत होते.

पुढे आर्कान्साच्या सर्वोच्च न्यायालयात जे झाले ते मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला खरे वाटले नाही. बारांपैकी सहा जणांच्या बाबतीत ज्युरीने 'खुनाचे दोषी' एवढेच लिहिले होते, खून कोणत्या दर्जाचा ते लिहायचे राहिले होते. राज्याच्या कायद्याप्रमाणे ते लिहिणे सक्तीचे. त्यामुळे त्या सहांची शिक्षा रद्द झाली आणि फेरखटल्याचा हुकूम झाला. उरलेल्या सहांचा कागद बिनचूक होता. त्यांची फाशी कायम! तेच गाव, तोच जमाव, तेच मारहाण करून तयार केलेले साक्षीदार. एका बाजूला एक शब्द कमी पडला म्हणून जीव लांबला, दुसऱ्या बाजूला तो शब्द होता म्हणून विजेची खुर्ची. इमानदारीने सांगायचे तर न्यायाधीशांनी नियम मोडला नव्हता. त्यांनी फाईल वाचली आणि फाईलमध्ये चूक शोधली. जमाव फाईलमध्ये नव्हता.

हा जमाव फाईलमध्ये आणण्याचे काम सिपिओ आफ्रिकानस जोन्स यांनी केले. जोन्स हे 1863 मध्ये गुलाम आईच्या पोटी जन्मलेले, लिटल रॉक शहरातले कृष्णवर्णीय वकील. त्यांच्याबरोबर होते जॉर्ज मर्फी, यादवी युद्धात गुलामगिरीवाल्या दक्षिणेच्या बाजूने लढलेले म्हातारे गोरे वकील. मर्फी 1920 मध्ये खटला चालू असतानाच वारले आणि भार जोन्स यांच्यावर आला. रंगीत लोकांच्या प्रगतीसाठी झटणारी एनएएसीपी ही संस्था पैसा उभा करत होती. पत्रकार इडा बी. वेल्स तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटून आल्या आणि त्यांनी त्यावर पुस्तिका लिहिली. 1921 च्या जून महिन्यात फाशीला दोन दिवस उरले असताना जोन्स यांनी एका कोर्टाकडून स्थगिती मिळवली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यांनी शपथपत्रे जमवली. त्यांत दोन गोऱ्या माणसांची होती. साक्षी मिळवण्यासाठी आम्ही कैद्यांना चाबकाने फोडले, असे त्यांनी शपथेवर लिहून दिले.

मग आर्कान्साच्या सरकारी वकिलांनी हुशारी केली. शपथपत्रांना उत्तर देण्याऐवजी त्यांनी कायद्याचा मुद्दा घेतला की अर्जात लिहिलेले सगळे खरे धरले तरी केंद्राच्या न्यायालयाला दखल घेण्याचे कारण नाही, कारण राज्याच्या अपील न्यायालयाने प्रकरण तपासले आहे. हा फ्रँक खटल्याचाच आधार होता. खालच्या केंद्रीय न्यायालयात ही हुशारी चालली. सर्वोच्च न्यायालयात ती अंगाशी आली. सरकारच 'खरे धरले तरी' म्हणत होते, तर न्यायाधीशांनी सगळे खरे धरले.

19 फेब्रुवारी 1923. मूर विरुद्ध डेम्प्सी. निकाल 6 विरुद्ध 2, आणि बहुमताच्या वतीने लिहिणारे तेच होम्स, आता 81 वर्षांचे. त्यांनी म्हटले की सगळा खटला हा मुखवटा असेल, वकील, ज्युरी आणि न्यायाधीश जमावाच्या लाटेबरोबर वाहत गेले असतील आणि राज्याच्या न्यायालयांनी ती चूक दुरुस्त केली नसेल, तर प्रक्रिया वरून निर्दोष दिसते एवढ्यावर केंद्राच्या न्यायालयाला डोळे मिटता येणार नाहीत. आत जाऊन खरे काय घडले ते बघावे लागेल. फ्रँकचा निकाल रद्द केला असे त्यांनी म्हटले नाही. कोर्टे असे क्वचित म्हणतात. पण फ्रँकसाठी जे दार बंद होते, ते मूरसाठी उघडले. सहाही जण 1925 च्या जानेवारीपर्यंत तुरुंगाबाहेर आले. ज्यांच्या कागदावर एक शब्द कमी होता ते दुसरे सहा त्याआधीच, 1923 मध्ये सुटले होते.

आता भारताकडे येतो, कारण इथे एक दुवा आहे. 1947 च्या अखेरीस संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटले. राव यांच्या मसुद्यात तोवर 'ड्यू प्रोसेस' हे शब्द होते. फ्रँकफर्टर यांचा सल्ला पडला की हे शब्द घेऊ नका, निवडून आलेल्या कायदेमंडळाच्या डोक्यावर न्यायाधीश बसतील. अमेरिकेत मजुरांच्या हिताचे कायदे याच शब्दांच्या आधाराने रद्द झाले होते, तेव्हा ही भीती पोकळ नव्हती. मसुद्यात त्या जागी 'कायद्याने स्थापित केलेली प्रक्रिया' हे शब्द आले. आजचा अनुच्छेद 21 तो हाच.

डिसेंबर 1948 मध्ये या शब्दांवर चर्चा झाली तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी 'ड्यू प्रोसेस' परत आणण्याची दुरुस्ती मांडली. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की हे शब्द ठेवले तर कायद्यात सांगितलेली प्रक्रिया पाळली गेली एवढे दिसताच न्यायालयाचे काम संपेल. कायदा स्वतः न्याय्य आहे का, हे विचारण्याचा अधिकार त्याच्याकडे उरणार नाही. डॉ. आंबेडकरांनी दोन्ही बाजूंचे धोके सांगितले आणि निर्णय सभेवर सोडला. दुरुस्ती पडली. काझीसाहेबांचे नाव आज आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे? मुस्लीम सदस्यांचा उल्लेख निघाला की स्वतंत्र मतदारसंघांच्या वादापलीकडे आपली गाडी जात नाही. ते नागरिकाच्या जिवाची आणि घरझडतीची चिंता करत होते, याची नोंद पाठ्यपुस्तकांत नाही. 1950 च्या ए. के. गोपालन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद 21 चा तोच कोरडा अर्थ लावला, ज्याची भीती त्यांनी बोलून दाखवली होती. तो बदलायला मनेका गांधी खटल्यापर्यंत, 1978 च्या जानेवारीपर्यंत, वाट पाहावी लागली.

दरम्यान अमेरिकेत कागदाचा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. इलिनॉय राज्यात ग्रिफिन आणि क्रेनशॉ या दोघांना सशस्त्र दरोड्यासाठी शिक्षा झाली. अपील करण्याचा हक्क होता. पण अपिलाला खटल्याची लघुलेखकाने उतरवलेली संपूर्ण नोंद लागायची आणि ती विकत घ्यावी लागायची. फुकट मिळायची ती फक्त फाशी झालेल्या गरिबांना. या दोघांकडे पैसे नव्हते. 1956 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की अपिलाचा हक्क दिला असेल तर गरिबीमुळे तो बंद करता येणार नाही. पाचवे मत कोणाचे? फ्रँकफर्टर यांचे. पुढे 1963 मध्ये पहिल्या अपिलासाठी गरिबाला वकील देणे सक्तीचे झाले. 1985 मध्ये केंटकी राज्यातले एक प्रकरण आले, त्यात वकिलाने अपिलाबरोबर लागणारे एक विवरणपत्र जोडले नाही म्हणून अपीलच फेकले गेले होते. वकील नावाला असून चालत नाही, तो कामाचा हवा, असे तेव्हा ठरले. मामूंना हे ऐकवले असते तर ते हसले असते. तरी मुळात अपिलाची सोय केलीच पाहिजे, असे अमेरिकेचे संविधान सांगत नाही. 1894 चा तसा निकाल अजून उभा आहे. राज्ये अपील देतात ती आपल्या कायद्याने.

आपल्याकडे हा मुद्दा आला तो महाराष्ट्रातूनच. एम. एच. होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य, ऑगस्ट 1978. होस्कोट हे सौराष्ट्र विद्यापीठात प्रपाठक. कर्नाटक विद्यापीठाच्या बनावट पदव्या तयार करण्याच्या प्रयत्नाचा आरोप. सत्र न्यायालयाने कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दंड एवढीच शिक्षा दिली. सरकारने अपील केले आणि 1973 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती तीन वर्षे सक्तमजुरीवर नेली. होस्कोट सर्वोच्च न्यायालयात पोचले ते चार वर्षांहून अधिक उशिराने. उशीर का झाला? ते म्हणाले, निकालाची नक्कल मला मिळालीच नाही. उच्च न्यायालयाने ती वेळेवर येरवडा तुरुंगाकडे पाठवली होती. तुरुंगाचे म्हणणे पडले की कारकुनाने ती कैद्याला दिली होती, पण दयेच्या अर्जाला जोडण्यासाठी परत घेतली. पोच म्हणून कैद्याची सही दाखवा म्हटले तर ती कुठेच नव्हती.

न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या एका न मिळालेल्या नकलेवरून अनुच्छेद 21 चा अर्थ उलगडला. दीर्घ कैदेची शिक्षा असेल तर निदान एक अपील, तेही पुराव्यासह, न्याय्य प्रक्रियेचा भाग आहे. निकालाची नक्कल कैद्याला फुकट आणि वेळेत मिळाली पाहिजे. ती तुरुंगामार्फत दिली तर लेखी पोच घेतली पाहिजे. गरीब किंवा कैदेत अडकलेल्या माणसाला अपिलासाठी वकील सरकारने दिला पाहिजे. एका चुकार कारकुनामुळे हे सगळे कायद्यात आले, असे म्हटले तर फार चूक होणार नाही. होस्कोट यांची स्वतःची याचिका मात्र फेटाळली गेली. निकाल लागला तेव्हा ते पूर्ण शिक्षा भोगून बाहेर आले होते.

आणि फ्रँक? 11 मार्च 1986 रोजी जॉर्जियाच्या माफी मंडळाने त्याला मरणोत्तर माफी दिली. तो दोषी की निर्दोष, यावर मंडळ काही बोलले नाही. माफीचे एक कारण असे नोंदवले आहे की राज्याने त्याचा जीव राखला नाही आणि त्यामुळे पुढे अपील करण्याची त्याची संधी गेली.